गोखल्यांची माफी आणि नाक्यावरच्या बायका

मागच्या पावसाळ्यात शुक्रवारची एक रजा जोडून रत्नागिरीला घरी गेलो होतो. बाहेर कोकणातला पाऊस, घरात लाईट नाहीत, मोबाईलची बॅटरी बारा टक्क्यांवर. अशा वेळी माणसांशी बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. दहावीतला भाचा कंटाळून बसला होता. पाऊस जरा उघडला तसं त्याला घेऊन टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरी गेलो. त्याने पाच मिनिटांत सगळं बघून टाकलं आणि बाहेर येऊन चपला घालता घालता विचारलं,

"मामा, गोखलेही आपल्याच जिल्ह्यातले ना?"

"हो. कोतळूकचे. गुहागर तालुका."

"आमचे सर म्हणाले, त्यांनी इंग्रजांची माफी मागितली होती. खरं आहे?"

"खरं आहे."

"का पण?"

आता ह्या 'का पण'चं उत्तर टिळक आळीतून घरी पोचेपर्यंत देता येईल असं मला वाटलं होतं. नाही देता आलं. घरी आलो, जेवलो, तरी आमचं चालूच. शेवटी तो झोपला आणि मी जागा राहिलो. नंतरचे दोन-तीन वीकेंड ह्याच विषयावर वाचण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात मुंबईत. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा प्लेग ओळखला. लोक घाबरून शहर सोडायला लागले, आणि त्यात गिरणीत, गोदीत, घरगुती नोकरीत असलेले रत्नागिरी जिल्ह्यातले चाकरमानी भरपूर होते. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून. वेगळा सिंधुदुर्ग झाला 1981 साली.) रेल्वे कोकणात यायला अजून शंभर वर्षं होती, त्यामुळे गावी जायचं ते आगबोटीने. बंदरावर, रेल्वे स्टेशनवर उतारूंना थांबवून जांघेत आणि काखेत गाठ आहे का ते बघायचं, संशय आला तर बाजूला काढायचं, असा प्रकार सुरू झाला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हातात जवळजवळ अमर्याद सत्ता आली. हाच तो कायदा, जो मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बाहेर काढला गेला. एकशे तेवीस वर्षांचा लेगसी कोड. कोणी कधी नीट रिफॅक्टर केला नाही.

पुण्यात प्लेग पोचला तेव्हा सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड ह्या आयसीएस अधिकाऱ्याला प्लेग कमिटीचा प्रमुख केलं आणि त्याच्या हाताखाली लष्कर दिलं. मार्च 1897 पासून मे महिन्यापर्यंत डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे शिपाई पुण्याच्या पेठांमधून घरोघर फिरत होते. सकाळी एखादी आळी दोन्ही टोकांनी बंद करायची आणि मग एकेका घरात शिरायचं. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, काही वर्ज्य नाही. आजारी सापडला की इस्पितळात, घरातले बाकीचे स्वारगेटच्या छावणीत. अंथरुणं-पांघरुणं जाळायची, जमीन उकरायची, भिंतींना चुना फासायचा.

आता हे सगळं निव्वळ जुलूम म्हणून केलं, असं म्हणणं सोपं आहे पण खरं नाही. प्लेग खरा होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली. पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता त्याच मार्चच्या 10 तारखेला प्लेगनेच गेल्या. पण उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमोंने दाखवलं ते पुढच्या वर्षी, 1898 मध्ये. म्हणजे घरं उकरली जात होती, गाद्या जळत होत्या, आणि पिसवा उंदरांवर बसून शेजारच्या घरात जात होत्या. तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं, रँडलाही नाही.

इथे माझ्या विषयाचा मुद्दा येतो. झडतीच्या तुकडीबरोबर एक स्थानिक गृहस्थ असावा, अशी व्यवस्था होती. 'नेटिव्ह जंटलमन'. पगार नाही, अधिकार नाही, स्वयंसेवक. काम काय, तर शिपायांना रीतभात सांगायची, घरातल्यांना धीर द्यायचा, आणि मधे उभं राहायचं. लष्कराला दुभाषा मिळाला, आळीतल्यांना ओळखीचा चेहरा मिळाला. पण ह्या माणसाने जे पाहिलं त्याचं पुढे काय करायचं, ह्याची मात्र काहीच व्यवस्था नव्हती. त्याच्याकडे वही नव्हती. असलीच तरी ती वाचणारा कोणी नव्हता. तक्रार करायची तर ती कोणाकडे? कमिटीकडेच. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच टेबलावर.

तरी काहींनी लिहून पाहिलं. पुण्यातले सरदार नातू बंधू हे बडं प्रस्थ. शिपायांच्या वागण्याबद्दल त्यांच्याकडून तक्रारी गेल्या होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली एक मुलगी प्लेग इस्पितळात नेली गेली होती. तिच्या बाबतीत आणि एकूणच बायकांच्या बाबतीत तिथे काय चाललंय, ह्याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला कडक पत्र लिहिलं. ते इतकं गाजलं की प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं, आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पत्रातला मजकूर चुकीचा आणि दिशाभूल करणारा ठरवला. टिळक 'केसरी' आणि 'मराठा'तून लिहीत होतेच. शहर सोडून गेले नाहीत, हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढलं आणि झडतीच्या पद्धतीवर टीका चालू ठेवली.

आणि प्लेग कमिटीच्या अहवालात काय लिहिलं गेलं? तर, स्त्रियांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा लष्करी अधिकाऱ्यांकडे आली नाही, ह्याबद्दल समाधान. हे मी दोनदा वाचलं. 'विश्वासार्ह' हा शब्द किती काम करतोय बघा. आमच्याकडे प्रॉडक्शनला काही फुटलं की सपोर्टवाले म्हणतात, "तिकीट कुठाय? तिकीट नाही म्हणजे इश्यू नाही." तिकीट उघडायचा फॉर्मच नसला तर?

ह्या सगळ्या काळात गोखले कुठे होते? लंडनला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते गेले होते. वय एकतीस. फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक, न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य. साक्ष उत्तम झाली होती. आकडे तोंडपाठ, इंग्रजी अस्खलित. आणि पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. झडतीत काय चाललंय, कोणाच्या घरात काय झालं. त्यांतल्या मजकुराच्या जोरावर गोखल्यांनी पार्लमेंटच्या काही सभासदांना आणि मग 'मँचेस्टर गार्डियन'च्या बातमीदाराला सांगितलं, की शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला.

तारखा महत्त्वाच्या आहेत. 22 जून 1897 ला, राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. (गोळ्या घालणारे चापेकर बंधू राहणारे चिंचवडचे, पण घराणं मूळ वेळणेश्वरचं. नकाशा काढून बघा, वेळणेश्वर आणि कोतळूक दोन्ही आज गुहागर तालुक्यात. टिळक रत्नागिरीचे. ह्या एका गोष्टीतली निम्मी पात्रं आमच्या जिल्ह्यातली, आणि घडतंय सगळं पुण्यात. कोकण्यांचं नेहमीचंच.) गोखल्यांचा आरोप छापून आला तो नेमका ह्याच सुमाराला, जुलैच्या सुरुवातीला. लंडनमध्ये खळबळ. भारतमंत्र्याने मुंबईला तार केली, सँडहर्स्टने आरोप साफ फेटाळला. आणि मग सगळे गोखल्यांकडे वळले. पुरावा द्या.

पुरावा म्हणजे ती पत्रं. आणि पत्रांखाली नावं.

गोखल्यांची बोट मुंबईला लागली 30 जुलैला. तीनच दिवस आधी, 27 तारखेला, टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं होतं. नातू बंधूंना त्याच सुमारास 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली आत टाकलं, खटला नाही, आरोपपत्र नाही. पुण्यात जादा पोलीस बसवलेले, त्यांचा खर्च शहराच्या डोक्यावर. अशा वेळी ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांची स्थिती काय असेल! कोणी पुढे यायला तयार नव्हतं, आणि नावं सांगणं म्हणजे त्या माणसांना उचलून पोलिसांच्या हातात देणं. नावं द्यायची नाहीत म्हटलं तर आरोप सिद्ध होत नाही. स्वतः काही पाहिलेलं नाही, तेव्हा स्वतःच्या जोरावर उभं राहता येत नाही. रानड्यांचा सल्ला घेतला आणि 4 ऑगस्टला गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि शिपायांचीही. 'जर-तर' काही नाही, पूर्ण माफी.

लोकांनी फाडून खाल्लं. भित्रा, कच्च्या कानाचा, सरकारचा माणूस. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा सहकाऱ्यांनाही ते अडचणीचे वाटू लागले होते. आजही आमच्या भाच्याच्या वर्गात त्यांच्याबद्दल एवढंच पोचलंय.

माझं मत विचाराल तर शिपायांची माफी मागायला नको होती. आरोप मागे घेतो, एवढ्यावर थांबता आलं असतं. पण नावं दिली नाहीत, ह्याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही, हे मला खुपतं. स्वतःची अब्रू गेली पण पत्र लिहिणाऱ्याला हात लागू दिला नाही. पत्रांत लिहिलेलं खरं होतं की नाही, हे कोर्टात तपासलं जाण्याची शक्यता त्याच दिवशी संपली.

ह्या प्रसंगाकडे वेगळ्या बाजूने बघावंसं वाटलं ते एका भलत्याच देशातल्या बायकांमुळे. त्यांच्याबद्दल मी काही वर्षांपूर्वी वाचलं होतं, तेव्हा गोखले डोक्यात नव्हते. ह्या वेळी दोन्ही एकदम आठवले.

इस्रायलमध्ये 'मख्सोम वॉच' नावाचा बायकांचा गट आहे. मख्सोम म्हणजे हिब्रूत अडसर, नाका. 2001 च्या सुरुवातीला रॉनी येगर, आदी कुंत्समन आणि येहुदित केशेत ह्या तिघींनी जेरुसलेममध्ये तो सुरू केला. दुसरा इंतिफादा पेटलेला होता. इस्रायली शहरांत आत्मघाती स्फोट होत होते, बसमध्ये, हॉटेलात माणसं मरत होती. आणि वेस्ट बँकमध्ये लष्कराने रस्तोरस्ती नाके लावले होते. नुसते सरहद्दीवर नव्हेत, आत, एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावात जातानाही. रामल्लाहून जेरुसलेमकडे येताना कलंदिया, नाब्लुसच्या दक्षिणेला हवारा. कॉलेजला, इस्पितळात, मंडईत, सासरी, कुठेही जायचं तर वाटेत शिपाई, कागद आणि रांग. इस्रायलमध्ये कामाला जाणारे मजूर पहाटे तीन-चारला येऊन रांगेत उभे राहायचे, सहा-सातच्या पाळीसाठी. शेत कुंपणापलीकडे गेलं असेल तर त्यासाठी वेगळं फाटक, ते ठरलेल्या वेळीच उघडणार. उघडणारा शिपाई उशिरा आला तर शेतकरी गाढव धरून उभा.

तर ह्या बायकांनी ठरवलं की आपण जाऊन तिथे उभं राहायचं. बऱ्याचशा निवृत्त झालेल्या, आज्ज्या म्हणाव्यात अशा वयाच्या. कोणाचा मुलगा, कोणाचा नातू स्वतः लष्करात. दोघी-तिघींच्या जोड्या करून सकाळची एक पाळी, दुपारची एक पाळी. कपड्यावर बिल्ला, हातात वही. घोषणा नाहीत, निदर्शनं नाहीत. वहीत काय लिहायचं? पोचलो किती वाजता. किती खिडक्या चालू, किती बंद. रांगेत अंदाजे किती माणसं. शेवटच्या माणसाला पलीकडे जायला किती वेळ लागला. बाजूला बसवून ठेवलेले किती, केव्हापासून. ॲम्ब्युलन्स आली का, किती मिनिटं थांबली. अधिकाऱ्याला विचारल्यावर तो काय म्हणाला. कधी कधी लष्कराच्याच मदतकेंद्राला फोन लावायचा, इथे अमुक माणूस चार तास बसलाय, बघा. घरी आल्यावर त्याच दिवशी अहवाल लिहून सगळ्यांना वाचायला खुला करायचा.

ते अहवाल वाचायला भयंकर कंटाळवाणे आहेत. मी खरंच सांगतो. सहा वाजून दहा मिनिटं, तीन खिडक्या, अमुक माणसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचवा अहवाल वाचताना मला डुलकी आली होती, आणि मग लक्षात आलं की अरे, हा तर लॉग आहे. सर्व्हरचा लॉग कोणी कादंबरी म्हणून वाचतं का? पण रात्री तीनला सिस्टीम बसली की सगळे आधी तिथेच धावतात. प्रत्येक ओळीला वेळ, जागा आणि लिहिणारीची सही. आणि लिहिणारी त्याच राज्याची नागरिक. तिला उचलून बिनचौकशी आत टाकणं सोपं नाही.

गोखल्यांच्या पत्रांशी हे ताडून बघा. गोखल्यांकडे होती ती सर्वात मोठ्या, सर्वात हादरवणाऱ्या घटनेची ऐकीव बातमी. ह्या बायकांकडे बहुतेक दिवस क्षुल्लक गोष्टी, पण स्वतः पाहिलेल्या. आणि साक्षीदार म्हणून रांगेतल्या माणसाचं नाव द्यायची गरज नाही, साक्षीदार स्वतः लिहिणारीच. पुण्यात झडतीबरोबर उभ्या असलेल्या 'जंटलमन'ला हे सगळं करता आलं असतं, निदान कागदावर तरी. तो घरात होता. पण तो सरकारने उभा केलेला होता, त्याच्या मागे गट नव्हता, आणि नातूंचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

म्हणून पाहणाऱ्याचं सगळे मानतात असंही नाही. नोव्हेंबर 2004 मध्ये नाब्लुसजवळ बैत इबाच्या नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण व्हायोलिन घेऊन आला. शिपायांसमोर उभा राहून त्याने ते वाजवलं. मख्सोम वॉचच्या एका बाईने ते कॅमेऱ्यात घेतलं. ती फिल्म बाहेर आली आणि इस्रायलमध्ये गदारोळ झाला, कारण नाझी छळछावण्यांमध्ये ज्यू वादकांना पहारेकऱ्यांसमोर वाजवायला लावत असत, ही आठवण त्या समाजात घराघरात आहे. लष्कराचं म्हणणं पडलं की तो आपणहून वाजवत होता. तरुण म्हणाला, वाजवायला सांगितलं म्हणून वाजवलं. फिल्ममध्ये सांगण्याचा तो क्षण नाही. वाद मिटला नाही. पण तो त्या दिवशी तिथे उभा होता, व्हायोलिन वाजवत होता, मागे रांग होती, हे मात्र कोणी 'द्वेषाने रचलेली थाप' म्हणून उडवू शकलं नाही. वाद झाला तो अर्थाबद्दल. गोखल्यांचं गाडं घटनेशीच अडलं होतं.

ह्या बायकांना शिव्या पुष्कळ बसल्या. देशद्रोही वगैरे नेहमीच्या, त्या सोडा. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या आपसातला वाद, ज्याबद्दल येहुदित केशेत यांनी 2006 साली आलेल्या पुस्तकात लिहिलंय. आपण तिथे उभ्या राहतो म्हणून शिपाई जरा बरं वागतात, ॲम्ब्युलन्स दहा मिनिटं आधी सुटते. चांगलंच आहे. पण म्हणजे आपण नाका सुरळीत चालायला मदत करतोय का? ज्या नाक्याला आपला विरोध, त्यालाच आपण माणुसकीचा चेहरा देतोय का? काही जणी म्हणत, आपलं काम फक्त बघायचं, लिहायचं. काही म्हणत, समोर आजारी पोर घेऊन बाई उभी असताना मी वहीत टिपत बसू? मग हळूहळू फोन करणं, परवाने का नाकारले त्याचा पाठपुरावा करणं, लष्करी कोर्टात जाऊन बसणं, असं काम वाढत गेलं. हवाराच्या नाक्यावरची कडक तपासणी 2009 मध्ये सैल झाली, दुसरीकडे भिंत आणि फाटकं वाढली. ऑक्टोबर 2023 नंतर तर इस्रायलने वेस्ट बँकमधल्या बहुतेक मजुरांचे परवानेच थांबवले, त्यामुळे पहाटेच्या त्या रांगांचं गणितच बदललं.

आणि हाच वाद गोखल्यांच्या पुढच्या कृतीत आहे, हे मला आधी दिसलं नव्हतं. 1897 च्या पावसाळ्यानंतर पुण्यात प्लेग परत आला. माफीची शाई वाळते न वाळते तोच हा माणूस प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरला. घरोघर जाणाऱ्या तुकड्यांबरोबर. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी ज्या गोष्टीबद्दल लंडनमध्ये बोलला आणि तोंड पोळून घेतलं, त्याच गोष्टीच्या आत जाऊन उभा राहिला. सँडहर्स्टने नंतर ह्या कामाचं कौतुकही केलं, आणि टीकाकारांना आणखी एक मुद्दा मिळाला. ते प्रायश्चित्त होतं, सरकारची मर्जी परत मिळवणं होतं, की आता जे बोलेन ते स्वतः पाहून बोलेन असं होतं? तिन्ही थोडं थोडं असावं. पुढची वर्षं बघितली तर मला तिसरं जास्त पटतं. 1902 पासून कलकत्त्याला त्यांनी अर्थसंकल्पावर जी भाषणं केली ती आकड्यांनी इतकी बांधलेली असत की उत्तर देताना सरकारी सभासदांची दमछाक व्हायची. 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला तोही तरुणांना आधी वर्षानुवर्षं अभ्यास करायला लावणारा. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या तीन पौंडांच्या करावर बोलायचं होतं, तेव्हा पुण्यात बसून पत्रांवर बोलले नाहीत. बोटीने स्वतः गेले.

एक अवांतर. आमच्या रत्नागिरीला टिपून ठेवण्याची परंपरा मोठी आहे, पण ती सरकारची. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1886 पासून 1916 ला मरेपर्यंत इथे नजरकैदेत. कोण भेटायला आलं, राजाने खर्च किती केला, सगळ्याची कागदपत्रं. सावरकर 1924 ते 1937 जिल्ह्यात स्थानबद्ध, त्यांच्यावरही पोलिसांची नजर. सरकार माणसांकडे बघून लिहितंय, असे कागद ढिगाने आहेत. माणसं सरकारकडे बघून लिहितायत, असे शोधायला गेलात तर हाताला फार काही लागत नाही.

हे भाच्याला सांगत होतो तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपल्याला नाही का त्या वर्षी अडवलं होतं!"

2020 चा ऑगस्ट. मार्चपासून आई ठाण्याला माझ्याकडे अडकली होती. गणपतीला घरी जायचंच, म्हणून पास काढला आणि निघालो. चौदा दिवस की दहा दिवस, अमुक तारखेच्या आत पोचलात तर काय आणि नंतर काय, नियम रोज बदलत होते. जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडे एका नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. रात्र, पाऊस, आईची शुगर. आमच्या पुढे एक रिक्षा होती, पार मुंबईहून आलेली, मागे नवरा-बायको, दोन पोरं आणि मखराचं सामान. त्यांच्या पासात काहीतरी चूक होती. बराच वेळ बोलाचाली झाली, मग ती रिक्षा वळून परत गेली. कुठे गेली माहीत नाही. नाक्यावरच्या पोरांनाही दोष काय द्यायचा, रेनकोट फाटलेले, बोलून बोलून घसे बसलेले. गावातली काही मुलं पाण्याच्या बाटल्या वाटत होती. पाणी देणारे होते. किती गाड्या आल्या, किती परत पाठवल्या, कोणाला किती वेळ उभं केलं, हे लिहिणारं मला तरी कोणी दिसलं नाही. मीही लिहिलं नाही. लॅपटॉप मांडीवर होता, सोमवारच्या रिलीजची मेल वाचत बसलो होतो.

"किती वेळ थांबलो होतो गं आपण?" मी विचारलं.

"सहा तास."

"सहा? चारच्या वर नसेल."

"सहा. मी दोनदा गोळी घेतली."

पासाचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये होता. लाईट आल्यावर चार्ज करून बघितला. गाडीचा नंबर आहे, दोघांची नावं आहेत, प्रवासाची तारीख आहे. वेळ नाही. भाचा म्हणाला, "मामा, मग आजीचं खरं धरायचं की तुझं?" आई म्हणाली, माझंच, आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.